तीन बोटांची जागा

जिलाँग शहराच्या उत्तर वेशीवरील ज्या पत्र्याच्या लांबोडक्या शेडमध्ये मी आयुष्याची अकरा वर्षे इमानेइतबारे चाकरी केली, तेथे जून महिन्यातल्या एका बोचऱ्या सकाळी एक वयस्क दांपत्य आपला कॅम्पर ट्रेलर मागे ओढीत दाखल झाले. गृहस्थ गणिताचे निवृत्त शिक्षक होते, हे त्यांनी न सांगताही त्यांच्या हातातल्या नकाशावरून कळत होते. कारण ट्रेलरमधील स्वयंपाकाच्या कप्प्याचा तो नकाशा आलेखाच्या कागदावर, प्रमाणबद्ध, तांबड्या आणि निळ्या अशा दोन शाईंत काढलेला होता. मोटारीच्या मागच्या आसनावर, पट्ट्याने बांधलेल्या नातवासारखा, पन्नास लिटरचा एक नवा कोरा फिरता फ्रीज आपल्या खोक्यात बसून होता. हा फ्रीज त्या कप्प्यात बसवून द्यावा, आणि तीन आठवड्यांच्या आत द्यावा, एवढीच त्यांची दरखास्त होती. हिवाळा लागला की व्हिक्टोरियातली निवृत्त मंडळी ऊन शोधीत उत्तरेकडे निघतात, त्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनाही फ्लिंडर्सच्या डोंगरांतून पुढे ऊडनाडाटाच्या कच्च्या वाटेने जायचे होते.

ज्यांनी कॅम्पर ट्रेलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीमागे जोडायचा हा दोन चाकांचा गाडा आकाराने आपल्या बैलगाडीच्या साट्याहून फारसा मोठा नसतो. त्याच्या माथ्यावर घडी घातलेला तंबू असतो, पोटात अंथरूण-पांघरूण, पाण्याची टाकी आणि बॅटरी असते, आणि डाव्या कुशीतून टेबलाचा खण ओढावा तशी शेगडी, मोरी आणि ओटा यांसह अवघी पाकशाळा बाहेर ओढता येते. डाव्याच कुशीतून, कारण ऑस्ट्रेलियात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि रस्त्याकडेला थांबून चहा करणाऱ्या माणसाची पाठ रहदारीकडे असू नये, इतका विचार हा गाडा प्रथम घडवणाराने केलेला असतो. अडचण एवढीच, की जुन्या ट्रेलरांच्या रचनेत बर्फाची पेटी गृहीत धरलेली असते. आणि बर्फाची पेटी कोणत्याही कोपऱ्यात गुमान पडून राहते, फ्रीज राहत नाही.

हे मला कळायला एका माणसाच्या सुट्टीचे मोल पडले होते. माझे वडील सुतार. वाईजवळच्या आमच्या गावी त्यांनी केलेल्या खणांच्या कपाटाची अशी ख्याती होती, की एक खण आत लोटला तर आतली हवा कोंडून शेजारचा खण आपोआप दोन बोटे बाहेर येई. ते सुतात मोजीत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आणि त्यांच्या लेखी एका सुताची चूक ही चूक असून दोन सुतांची चूक हा गुन्हा होता. मी सुतारकाम सोडून साखर कारखान्याच्या विद्युत विभागात गेलो आणि पुढे पत्नीच्या परिचारिकेच्या नोकरीनिमित्त या देशात आलो, तरी तो सूत माझ्या डोळ्यांतून गेला नव्हता. शेडमध्ये कामाला लागल्यावर पहिला फ्रीज बसवण्याचे काम मालकांनी माझ्यावर सोपवले, तेव्हा मी वडिलांचे नाव राखायचे ठरवून त्या फ्रीजभोवती बारा मिलिमीटर प्लायवूडचे असे एक घरटे रचले, की चहूबाजूंनी बरोबर एका सुताची फट राहावी. आतून राखी रंगाचा गालिचा चिकटवला, आणि फ्रीज आत लोटला तेव्हा कोंडलेल्या हवेचा जो हलका उसासा ऐकू आला, त्याने माझे मन भरून आले.

पाचव्या दिवशी दूरच्या एका खाणगावातून त्या ग्राहकाचा फोन आला. फ्रीज क्षणभरही न थांबता धापा टाकीत चालत होता, दोन रात्रींत बॅटरी संपली होती, मांस नासले होते, आणि त्यांच्या पत्नी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. ट्रेलर परत आल्यावर मालकांनी माझे घरटे पाहिले. ते स्कॉटिश वंशाचे, सत्तरीला टेकलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. शिव्या देतील या अपेक्षेने मी उभा होतो. त्यांनी फक्त आपल्या उजव्या हाताची तीन बोटे एकत्र जुळवली, ती फ्रीज आणि प्लायवूड यांच्यामधल्या फटीत घालण्याचा यत्न केला, ती शिरली नाहीत असे मला दाखवले आणि म्हणाले, “तीन बोटे, मेट.” त्या दिवशी त्या विषयावर ते आणखी एक शब्दही बोलले नाहीत.

वस्तुतः कारखान्यात शीतयंत्रे पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागू नये. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. तो पोटातली उष्णता उचलून पाठीवाटे बाहेर नेऊन टाकतो. एका कुशीच्या झरोक्यातून छोटा पंखा हवा आत ओढतो, ती तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो आणि दुसऱ्या झरोक्याने बाहेर सोडतो. ही बाहेर सोडलेली ऊन हवा जर जागेअभावी तिथेच घुटमळली, तर यंत्र तीच पुन्हा आत घेते, म्हणजे घरातला केर उंबऱ्यावर टाकावा आणि वाऱ्याने तो परत आत यावा असा प्रकार होतो; केरसुणी थकते आणि घर घाणच राहते. मला हे सारे ठाऊक होते, परंतु ते कारखान्याच्या खात्यातले ज्ञान होते आणि हातातला सूत वडिलांच्या खात्यातला होता, आणि या दोन खात्यांची रुजवात घालण्याचा प्रसंग तोवर आला नव्हता.

तीन बोटांच्या मापात आणखी एक घोळ निघाला. मालकांची तीन बोटे साठ मिलिमीटर भरत आणि माझी जेमतेम अठ्ठेचाळीस. तेव्हा त्यांनी रेल्वेच्या जुन्या स्लीपरमधून कापलेल्या रेड गम लाकडाचा एक तांबूस ठोकळा रंधून, एका बाजूने बरोबर पन्नास मिलिमीटरचा करून मला दिला आणि शेडच्या दाराशी खिळ्यावर टांगून ठेवायला सांगितले. पुढे प्रत्येक फ्रीजच्या झरोक्यासमोर मी तो ठोकळा धरून पाहत असे. तो अडला की भिंत मागे सरे, मग ती कोणाचीही असो.

जिलाँगमध्ये या कामाला एक ऐतिहासिक अधिष्ठानही आहे, आणि थोडे आडवळण घेऊन ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. बार्वन नदीच्या काठी रॉकी पॉइंट नावाची जागा आहे. तेथे १८५१ च्या सुमारास जेम्स हॅरिसन नावाच्या माणसाने यंत्राने बर्फ तयार करण्याचा उद्योग आरंभला. हा माणूस ना शास्त्रज्ञ ना कारखानदार. तो इथल्या ‘जिलाँग ॲडव्हर्टायझर’ या वृत्तपत्राचा संपादक. छपाईचे खिळे ईथरने पुसताना ते बोटांना गार लागतात, एवढ्या निरीक्षणावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. १८५६ मध्ये त्याने इंग्लंडात त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी मुंबईच्या साहेबलोकांसाठी बोस्टनहून गलबते भरून बर्फ येई, तसाच तो इकडेही येत असे. पुढे १८७३ साली हॅरिसनने ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून गोठवलेले मांस लंडनला धाडले; वाटेत ते नासले आणि तो माणूस धुळीस मिळाला. पहिल्याच खेपेला मांस नासवणारा या गावात मी एकटा नाही, याचे मला पुष्कळ समाधान वाटले. याच देशाच्या पश्चिमेला, कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवर, १८९० च्या दशकात लोक जाळीच्या कपाटाभोवती गोणपाट लोंबवून त्यावर वरच्या पन्हाळीतले पाणी झिरपू देत आणि वाऱ्यावर आतले लोणी टिकवीत. त्याचे एक चित्र शेडमध्ये टांगलेले होते. ते पाहिले की मला आमच्या माजघरातले दुधाचे फडताळ आठवे. त्यालाही जाळीच होती, आणि वैशाखात आई माठाला जसे ओले फडके गुंडाळी, तसेच एक दुधाच्या पातेल्याभोवतीही गुंडाळी. तेथेही वारा लागेल अशीच जागा शोधावी लागे, आणि आजी ती घरातली सर्वांत चांगली जागा म्हणून तिच्यावर आपला हक्क सांगे.

असो. गुरुजींच्या नकाशाकडे वळतो. त्यांच्या मोजमापात खोट काढायला जागा नव्हती: कप्पा सातशे साठ रुंद, पाचशे साठ उंच, चारशे सत्तर खोल, फ्रीज सहाशे नव्वद लांब, पाचशे उंच, चारशे रुंद. कागदावर फ्रीज कप्प्यात ऐसपैस बसला होता आणि भोवती त्यांनी तांबड्या शाईने ‘शिल्लक’ असे लिहिले होते. पण फ्रीज वरून उघडणारा, म्हणजे तो बाहेर ओढल्याशिवाय त्याचे झाकण उचलता येणार नाही. त्यासाठी खाली सरकती चौकट हवी, तिची उंची पंचावन्न. आणि कप्प्याच्या तोंडाशी धूळ अडवणारी रबराची पट्टी आणि लोखंडी ओठ मिळून वीस मिलिमीटर खाल्लेले. शिल्लक म्हणून दाखवलेली रक्कम अशी आधीच खर्ची पडलेली होती. मी हे सांगू लागताच गुरुजींनी पेन्सिल काढली, त्यांच्या पत्नी मात्र, ज्या इतका वेळ थंडीने हात चोळीत उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “कागद राहू दे. मी चहा करून पाहते.”

शेजारच्या मोकळ्या आवारात आम्ही ट्रेलर उघडला, पाकशाळा बाहेर ओढली, छताचे कापड आणि त्याचे खांब उभे केले, आणि फ्रीजचे रिकामे खोके त्याच्या नियोजित जागी दोन लाकडी घोड्यांवर मांडले. मग त्या बाईंनी, ज्यांना इकडच्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारणे मला अखेरपर्यंत जमले नाही, काल्पनिक चहा केला. किटली शेगडीवर ठेवली. वळून खोक्याचे झाकण उघडले, तो त्याची कड छताच्या खांबाला आपटली. खांब हलवला, तर झाकण त्यांच्याच अंगावर उघडे, म्हणून दूध घ्यायला त्यांना फ्रीजला वळसा घालून पलीकडे, म्हणजे सांडपाण्याच्या बादलीपाशी जावे लागे. शिवाय फ्रीज बाहेर असेतोवर शिध्याचा खण उघडत नव्हता. म्हणजे दूध मिळाले तर साखर मिळेना. हातातली अदृश्य किटली खाली ठेवून त्यांनी नवऱ्याकडे असा एक दृष्टिक्षेप टाकला, की गुरुजींनी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.

वास्तविक या कामातली सारी विद्या त्या अर्ध्या तासात दडलेली असते, असे माझे मत आहे. फ्रीज बंद असताना जेवढी जागा अडवतो ती त्याची खरी जागाच नव्हे. झाकण उघडल्यावर लागणारी, दुधाची बाटली उचलणाऱ्या कोपराला लागणारी, मागच्या वायरीच्या बाकाला लागणारी, आणि हवेला लागणारी, ही सारी त्याच्याच सातबाऱ्यावर चढवावी लागते. आम्ही शिध्याचे खण आणि फ्रीज यांच्या जागांची अदलाबदल करण्याची तजवीज केली, झाकणाच्या बिजागऱ्या काढून उलट्या अंगाला बसवल्या, ज्याची सोय त्या फ्रीजमध्ये कारखान्यानेच ठेवली होती, आणि कप्प्याचा वरचा ओठ कापून तो चाळीस मिलिमीटर उंच केला. झरोक्याच्या अंगाला ठोकळ्याएवढी जागा सोडली आणि अंथरुणाच्या पेटीकडील आतल्या भिंतीला जाळी लावून संगणकात असतो तसा एक छोटा पंखा जोडला. बाहेरच्या पत्र्यालाच झरोका पाडणे सोपे गेले असते, हे खरे. पण चालत्या ट्रेलरच्या पोटात हवेचा दाब कमी होतो आणि मधल्या ऑस्ट्रेलियातली ती पिठासारखी तांबडी धूळ एवढ्याशा छिद्रातूनही आत शोषली जाते. एकदा ती धूळ शिरली की पुढची दोन वर्षे पोळीला गेरूचा रंग येतो.

सरकती चौकट बसवताना मी कधीही नुसत्या स्क्रूवर विसंबलो नाही. भरलेला फ्रीज पन्नास किलोच्या घरात जातो, चौकटीचे वजन निराळे, आणि कच्च्या रस्त्यावर चाकांनी पाडलेल्या आडव्या लाटा असतात त्यांवरून दिवसभर जाताना हे सारे वजन मिनिटाला शेकडो वेळा उचलून आपटले जाते. तेव्हा तळपत्र्याखाली लोखंडी पट्टी, आठ मिलिमीटरचे बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट, एवढा बंदोबस्त हवाच. याखेरीज चौकटीचा खटका आत असताना तर अडकायलाच हवा, पण बाहेर ओढल्यावरही अडकायला हवा. हे दुसरे कलम माझ्या डाव्या अनामिकेने शिकवले. ट्रेलर किंचित उतरता उभा होता, खटका लावलेला नव्हता, आणि झाकणात डोकावत असताना ती पन्नास किलोची पेटी आपल्या मनाने घरी निघाली. नख सात महिन्यांनी आले, ते वाकडेच.

वायरीचा विषय मी थोडक्यात आटोपला असता, परंतु गुरुजींनी स्वतःची वायर विकत आणली होती. तिच्या गुंडाळीवर ‘चार मिलिमीटर’ असे छापलेले होते आणि त्यांनी चार चौरस मिलिमीटर तांबे धरून वहीत चोख हिशेब मांडला होता. मोटारीच्या वायरीची इथली रीत मोठी फसवी आहे: तो आकडा वरच्या वेष्टनासकट वायरीच्या जाडीचा असतो, आतल्या तांब्याचा नव्हे. मी सुरीने टोक सोलून दाखवले. चारच्या वायरीत तांबे निघते पावणेदोन-दोन चौरस मिलिमीटरच्या दरम्यान. ओढणाऱ्या मोटारीपासून फ्रीजपर्यंत जाऊन-येऊन अठरा मीटर वायर, आणि यंत्र चालू असता पाच अँपिअर. म्हणजे वाटेतच पाऊण व्होल्टहून अधिक गळती. बॅटरीपाशी साडेबारा असले तरी फ्रीजला दिसतात पावणेबाराच्याही खाली, आणि बॅटरी संपत आली अशा समजुतीने तो बिचारा प्रामाणिकपणे बंद पडतो. कित्येक लोक मग फ्रीज सदोष म्हणून परत करतात आणि नवी बॅटरी विकत घेतात. गुरुजी त्या सोललेल्या टोकाकडे बराच वेळ पाहत राहिले. “चाळीस वर्षे मी मुलांना एकके लिहायला सांगत आलो,” ते म्हणाले, आणि ती वायर त्यांनी बागेतले टोमॅटो बांधायला नेली. आम्ही आठ चौरस मिलिमीटरच्या आसपास तांबे असलेली जाड वायर घातली, बॅटरीलगत फ्यूज दिला, ट्रेलरच्या जोडाशी राखी रंगाचा अँडरसन प्लग बसवला, आणि सिगारेट पेटवण्याच्या त्या डुगडुगत्या सॉकेटला रजा दिली.

बाकीची कामे किरकोळ होती. गॅसच्या सिलिंडरचा कप्पा आणि फ्रीजचा कप्पा यांच्यातली फट बुजवली, कारण हा गॅस हवेहून जड, तो तळाशी साचतो, आणि विजेच्या खटक्याला ठिणगी पाडायला सवड लागत नाही. ट्रेलरचा दांडा न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवून पाहिला. एकूण वजनाचा दहावा हिस्सा मोटारीच्या आकड्यावर यावा असा इथला दंडक आहे आणि फ्रीज पुढे सरकल्याने तो थोडा वाढला होता, म्हणून जादा चाक मागे नेले. जाताना बाईंनी मला विचारले, की तुम्ही स्वतः असे कधी जाता का. मी त्यांना आमच्या एकुलत्या एका सफरीची कैफियत ऐकवली: साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर यांबा येथे फळमाशीचे नाके आहे, तेथील अधिकाऱ्याने मोठ्या अदबीने आमच्या फ्रीजमधली लिंबे आणि हिरव्या मिरच्या काढून घेतल्या, आणि पुढे कच्च्या रस्त्यावर दिवसभर हेलकावे खाऊन संध्याकाळी डबा उघडला तो दह्याचे ताक झालेले आणि वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा. माझी पत्नी तो गोळा पाहून म्हणाली होती, “अहो, रवी घरी विसरले म्हणून उगीच हळहळत होते मी.” बाईंना रवी म्हणजे काय ते हातवारे करून सांगावे लागले.

ते दोघे गेले त्या सायंकाळी दाराजवळच्या खिळ्यावर ठोकळा नव्हता. शेडचा केर मी दोनदा चाळला. मालक तोवर निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते, त्यांना हे कळवण्याचे धैर्य झाले नाही. मी पाइनच्या लाकडाचा दुसरा ठोकळा केला, पण हातात धरला की तो पोकळ भासे.

सप्टेंबरच्या अखेरीस ट्रेलर परत आला, खिडकीपर्यंत तांबडा. फ्रीजने तक्रार केली नव्हती. गुरुजींनी रोजचे तापमान आणि बॅटरीचा दाब वहीत टिपून आणला होता आणि तो तपशील ते मला वाचून दाखवणारच होते, परंतु त्याआधी त्यांना चाकाचे बेअरिंग दाखवायचे होते. पोर्ट ऑगस्टा सोडल्यापासून डाव्या अंगाला एक ठकठक येत होती. मारी येथे त्यांनी चाक काढून वंगण भरले, विल्यम क्रीकला पुन्हा काढले, ऊडनाडाटात तर नवे बेअरिंग टाकले, ठकठक कायम. त्यांनी मला चाक जॅकवर उचलायला लावले आणि ते गुडघे टेकून, कान लावून, ते गरगर फिरवीत बसले.

मी उगाच, सवयीने, फ्रीज बाहेर ओढून झरोक्यामागच्या जागेत हात घातला. ठोकळा तिथे होता. एका बाजूने तो धुळीने असा माखला होता की रेड गम कोणते आणि ऊडनाडाटा कोणते हे ओळखू येऊ नये. मी तो बाहेर काढून पालथा करून पाहत असता बाई चहाचा पेला घेऊन माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ठोकळ्याकडे पाहिले, मग पलीकडे चाकाशी वाकलेल्या आपल्या नवऱ्याच्या टकलाकडे पाहिले, आणि हळूच ओठांवर बोट ठेवले.